अर्ध्या इंचाची अश्वशक्ती

मोटारसायकलच्या इंजिनाची शक्ती वाढवायची म्हणजे ठरावीक वेळात त्याने अधिक हवा आत घ्यावी आणि तिच्या प्रमाणात अधिक इंधन जाळावे, अशी व्यवस्था करावी लागते. पेट्रोल हवे तेवढे पुरवता येते, परंतु ते जाळणारा प्राणवायू किती मिळणार हे सिलिंडरचे आकारमान, झडपांचे तोंड आणि इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या यांवरच ठरते, आणि म्हणून जुन्या इंजिनाला ‘ताकद आणण्याचे’ सारे उपाय अखेर या हवेच्या हिशेबात येऊन बसतात. लांब बांध्याच्या, बुटक्या बैठकीच्या आणि कमी फेऱ्यांवरही भरपूर आघूर्ण, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, देणाऱ्या क्रूझर मोटारसायकलींच्या बाबतीत हा हिशेब तपासण्यासाठी अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या ‘स्पोर्टस्टर ८८३’ इतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

स्पोर्टस्टर ही मालिका १९५७ पासूनची. तिच्यात १९८६ साली ओतीव लोखंडी सिलिंडर व हेड जाऊन ॲल्युमिनियमचे ‘इव्होल्यूशन’ इंजिन आले. परस्परांशी ४५ अंशांचा कोन करणारे दोन सिलिंडर, दोन्ही पिस्टनांचे दांडे एकाच क्रँकपिनवर, झडपा उघडण्यासाठी पुशरॉड आणि थंडाव्यासाठी केवळ वारा, अशी ही जुन्या वळणाची रचना आहे. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ३ इंच अर्थात ७६.२ मिलिमीटर आणि पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव, म्हणजे स्ट्रोक, सुमारे ९६.८ मिलिमीटर असल्याने दोन सिलिंडरांचे मिळून आकारमान ८८३ घनसेंटिमीटर भरते.

या इंजिनाची शक्ती कागदावरही अंदाजता येते. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतो, त्यामुळे मिनिटाला ५५०० फेऱ्यांवर ८८३ घनसेंटिमीटरचे इंजिन सेकंदाला सुमारे ४० लिटर हवा घेऊ शकेल. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून हे भरण, ज्याला आयतन कार्यक्षमता म्हणतात, ८० टक्के धरले तर ३२ लिटर, म्हणजे जवळपास ३९ ग्रॅम हवा उरते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागत असल्याने तेवढ्या हवेत २.६ ग्रॅम पेट्रोल जळते आणि सुमारे ११६ किलोवॉट उष्णता निर्माण होते. तिच्यातील ३० टक्के भाग उपयोगी कार्यात उतरला असे मानल्यास ३५ किलोवॉट, म्हणजे ४७ अश्वशक्तीच्या आसपासचा आकडा येतो, आणि तो या इंजिनाच्या वास्तविक क्षमतेपासून फार दूर नाही. (हीच मोटारसायकल समुद्रसपाटीपासून १६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हर शहरात नेली, तर तेथील हवा सुमारे १५ टक्के विरळ असल्याने शक्तीही साधारण त्याच प्रमाणात घटते.)

या हिशेबातील कोणता आकडा बदलायचा, हाच खरा प्रश्न आहे. सिलिंडर आतून कापून त्याचा बोअर ३ इंचांवरून साडेतीन इंच केला, तर व्यास एक-षष्ठांशाने वाढतो. परंतु क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने आकारमान ३६ टक्क्यांनी वाढून १२०२ घनसेंटिमीटर होते. स्ट्रोक तोच राहतो, त्यामुळे क्रँकला हात लावावा लागत नाही. स्वतः कंपनीनेही १९८८ पासून १२०० घनसेंटिमीटरची स्पोर्टस्टर याच स्ट्रोकवर आणि याच व्यासाने विकली. आपल्याकडच्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचे गणितही याच जातीचे आहे: ३५० चा बोअर ७० मिलिमीटर, ५०० चा ८४, आणि दोहोंचा स्ट्रोक मात्र ९० मिलिमीटरच.

आता बोअर तसाच ठेवून फेऱ्या एक-षष्ठांशाने, म्हणजे ६००० वरून ७००० पर्यंत, वाढवल्या तर काय होते ते पाहावे. सिलिंडरांचे भरण कमी होणार नाही असे उदारपणे गृहीत धरले, तरी हवा, आणि म्हणून शक्ती, जास्तीत जास्त १७ टक्क्यांनी वाढते. याउलट पिस्टनला प्रत्येक टोकाशी थांबवून उलट दिशेने खेचणारे जडत्वाचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दांड्यावरचा ताण ३६ टक्क्यांनी चढतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांवरच या इंजिनातील पिस्टनाचे कमाल त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या दोन हजार पटींहून अधिक असते, आणि उत्सर्जनाची धाव संपून शोषणाची सुरू होते त्या क्षणी, जळत्या वायूचा दाब विरोधाला नसताना, हे सारे बल दांड्याला आणि त्याच्या बोल्टांना ताणून तोडू पाहते. बोअर वाढवल्यावर वायूच्या दाबाने दांड्यावर येणारा भारही ३६ टक्क्यांनी वाढतो आणि मोठा पिस्टन वजनदार असल्यास जडत्वही वाढते, हे खरे. परंतु वायूचा भार दांड्याला मुख्यतः दाबणारा असतो, आणि धातूच्या दांड्याला ताणापेक्षा दाब अधिक मानवतो. लांब स्ट्रोकच्या जुन्या इंजिनात शक्ती फेऱ्यांऐवजी आकारमानातून मिळवणे शहाणपणाचे का, याचे उत्तर या दोन ‘३६ टक्क्यां’च्या फरकात आहे.

बोअर वाढवला की पुढची अडचण संपीडन गुणोत्तराची येते. पिस्टन तळाशी असतानाचे सिलिंडरातील एकूण आकारमान आणि तो माथ्याशी असताना उरलेले आकारमान यांचे हे गुणोत्तर ८८३ मध्ये साधारण ९ आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर सुमारे ५५ घनसेंटिमीटर जागा उरते. तेच हेड ठेवून आणि माथ्यावरची जागा तेवढीच राखून प्रत्येक सिलिंडर ६०१ घनसेंटिमीटरचा केला, तर गुणोत्तर एकदम १२ च्या जवळ जाते. अशा दाबाखाली ठिणगीने पेटवलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि हा आघात चालू राहिला तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. म्हणून बदलाच्या संचातील पिस्टन बहुधा माथ्यावर खोलगट घडवलेले असतात. संपीडन वाढवण्याचा मोह मात्र त्यातून मिळणाऱ्या लाभाच्या मानाने अवास्तव आहे, कारण आदर्श ऑटो चक्राच्या सूत्रानुसार गुणोत्तर ९ वरून १० केल्यास कार्यक्षमता ५८.५ वरून ६०.२ टक्के, म्हणजे सापेक्षतः जेमतेम ३ टक्क्यांनी वाढते. त्या ३ टक्क्यांसाठी उष्ण हवामानात, वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला नॉकिंगच्या कडेवर नेऊन उभे करणे हा महागडा व्यवहार म्हणावा लागेल.

यानंतर प्रश्न येतो श्वासाचा. ८८३ च्या हेडमधील झडपा १२०० च्या झडपांपेक्षा लहान आहेत, आणि वाढलेला सिलिंडर त्याच तोंडातून हवा ओढू लागला की मार्गातील हवेचा वेग वाढतो. कमी फेऱ्यांवर हा वेग उपकारकच ठरतो, कारण वेगवान प्रवाहात पेट्रोल चांगले मिसळते आणि आघूर्ण भरघोस मिळते. वरच्या फेऱ्यांवर मात्र तेच तोंड अपुरे पडते आणि इंजिनाचा दम लवकर सरतो. यावर उपाय म्हणून मोठ्या झडपांचे हेड बसवतात, मार्ग घासून रुंद करतात, किंवा झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारे कॅमशाफ्ट घालतात. या इंजिनात चार स्वतंत्र कॅमशाफ्ट उजव्या बाजूच्या झाकणामागे असल्याने ते बदलणे तुलनेने सोपे आहे, आणि कदाचित त्यामुळेच ते गरज नसतानाही बदलले जातात. शोषणाची झडप पिस्टन वर येऊ लागल्यावरही बराच वेळ उघडी राहिली, तर वेगात येणारी हवा स्वतःच्या जडत्वाने आत शिरतच राहते; परंतु कमी फेऱ्यांवर तेवढा वेग नसल्याने आत आलेले मिश्रण पिस्टन परत बाहेर ढकलतो. अशा कॅमने वरची अश्वशक्ती मिळते आणि खालचे आघूर्ण जाते, म्हणजे क्रूझर ज्यासाठी घेतली तो गुणच गमावला जातो.

इंधनाच्या बाबतीत जुने तंत्र अधिक सोशिक आहे. १९८८ पासूनच्या स्पोर्टस्टरवरील ४० मिलिमीटरचा केइहिन कार्ब्युरेटर निर्वाताने उचलल्या जाणाऱ्या स्लाइडवर चालतो. अधिक हवा वाहू लागली की स्लाइड आपोआप अधिक उचलली जाते आणि पेट्रोलही त्या मानाने वाढते, त्यामुळे बोअर वाढवल्यावर मेन जेट व पायलट जेट थोडे मोठे करून बहुधा भागते. २००७ पासून आलेल्या इंधन-इंजेक्शनच्या प्रणालीचे तसे नाही. ती शोषनळीतील दाब आणि फेऱ्या मोजून साठवलेल्या तक्त्यावरून हवेचा अंदाज बांधते, आणि तो तक्ता ८८३ साठी रचलेला असल्याने तो नव्याने रचावाच लागतो. न रचल्यास मिश्रण विरळ राहून झडपा व पिस्टन तापतात.

उष्णतेला मात्र कोणताही संच उत्तर देत नाही. पूर्ण थ्रॉटलवर ३६ टक्के अधिक इंधन जळते, पण सिलिंडरवरील वारा खाणाऱ्या पात्यांचे क्षेत्रफळ तेवढेच असते आणि मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला. तरीही एक बाजू पाहिली पाहिजे: त्याच वेगाने सपाट रस्त्यावर जाण्यास लागणारी शक्ती इंजिन मोठे केल्याने बदलत नाही, त्यामुळे संयमाने चालवल्यास जास्तीची उष्णता फारशी निर्माणच होत नाही.

नुसता सायलेन्सर काढून टाकल्याने गाडी जोरात पळू लागल्याचा जो भास होतो, तो मुख्यतः कानांचा असतो. एकाच क्रँकपिनमुळे या इंजिनात ठिणग्या आळीपाळीने ३१५ आणि ४०५ अंशांच्या अंतराने पडतात आणि त्यातून तो प्रसिद्ध अडखळता ठोका निर्माण होतो. परंतु आवाजाची तीव्रता आणि अश्वशक्ती यांचा थेट संबंध नाही, उलट मोकळ्या नळीत दाबलहरी चुकीच्या वेळी परतल्यास मधल्या फेऱ्यांवर आघूर्ण घटते. शिवाय अशा बदलांत धुरातील प्रदूषणाचा प्रश्नही येतो, आणि त्यातून खुद्द कंपनीही सुटलेली नाही. इंजिनाचे इंधन-नियंत्रण बदलणारी ‘सुपर ट्यूनर’ उपकरणे विकल्याच्या प्रकरणात २०१६ साली तिने अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेशी तडजोड करून १ कोटी २० लाख डॉलरचा दंड मान्य केला.

या साऱ्याचा विचार करता, स्ट्रोक व क्रँक न बदलता १२०० पर्यंत वाढवलेला बोअर, खोलगट पिस्टन, मूळ धाटणीचे कॅम आणि नीट जुळवलेले मिश्रण, एवढ्यावर थांबणे या इंजिनाला सर्वांत मानवते. भारतात हरियाणातील बावलच्या कारखान्यात जोडणी झालेल्या ८८३ आजही रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांनी मात्र सिलिंडर कापण्यास देण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र काढून पाहावे. त्यात इंजिनाची घनक्षमता नोंदलेली असते, आणि प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या निकालात हीच भूमिका कायम ठेवली आहे.