मतदार यादीत जात नसते, मग ‘समाजाची मतं’ मोजतात कशी?

निवडणूक लागली की कोल्हापुरात गणितं मांडली जातात. या मतदारसंघात मराठा इतके, जैन-लिंगायत इतके, दलित इतके, मुस्लिम इतके. उमेदवारीही अनेकदा याच आकड्यांवर ठरते. पण असे आकडे निवडणूक आयोगाकडे नसतात. मग ते येतात कुठून?

मतदार यादीत काय असतं?

मतदाराचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, लिंग, घर क्रमांक आणि ओळखपत्र क्रमांक. जात किंवा धर्माचा रकाना नसतो. ब्रिटिश काळात १९०९ च्या कायद्याने मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले होते. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ही पद्धत बंद केली. कलम ३२५ नुसार प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी असते. अमेरिकेत मात्र काही राज्यांच्या मतदार नोंदणी अर्जातच वंश विचारला जातो.

जनगणनेतून कळतं का?

अर्धवटच. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३८.७६ लाख. त्यात अनुसूचित जाती सुमारे १३ टक्के, अनुसूचित जमाती १ टक्क्याहून कमी. अशाच आकडेवारीवरून राखीव जागा ठरतात. जिल्ह्यातल्या १० विधानसभा मतदारसंघांपैकी हातकणंगले अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. जनगणनेत धर्माचीही नोंद होते. पण मराठा, धनगर, माळी यांची वेगळी संख्या मिळत नाही. सर्व जातींची आकडेवारी शेवटची प्रसिद्ध झाली ती १९३१ ची. शिवाय लोकसंख्येत मुलंही येतात, मतदार मात्र १८ वर्षं पूर्ण झालेलेच.

आडनावावरून जात ओळखता येते?

पक्षांचे कार्यकर्ते यादी घेऊन हेच करतात. पण कोल्हापुरात ‘पाटील’ मराठा असू शकतो, कुणबी, जैन किंवा लिंगायतही. त्यामुळे हाती येतो तो अंदाज.

हा प्रश्न फक्त प्रचारापुरता नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी प्रत्यक्ष माहितीची अट पुढे केली आणि आरक्षण अडकलं. त्यानंतर नेमलेल्या बांठिया आयोगाच्या कामात मतदार यादीतल्या आडनावांचा आधार घेतला गेला. एकच आडनाव अनेक जातींत असल्याने ओबीसींची संख्या कमी भरेल, असा आक्षेप ओबीसी नेत्यांनी घेतला. आयोगाने ओबीसींचं प्रमाण ३७ टक्के धरलं आणि जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने त्या अहवालानुसार निवडणुका घ्यायला परवानगी दिली. म्हणजे एका आडनावाचा अर्थ कसा लावला, यावर गावातली जागा कुणासाठी राखीव, हे अवलंबून राहू शकतं.

पुढे काय?

२०२७ च्या जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. त्यातून कोणत्या भागात कोणता समाज किती, हे कळू शकेल. मात्र जनगणनेतली व्यक्तिगत माहिती कायद्याने गोपनीय असते. त्यामुळे मतदार यादीतल्या ‘पाटील’पुढे जात लिहिली जाणार नाही. आणि एका समाजाचे सगळे मतदार एकाच चिन्हाचं बटण दाबतील, हे तर कोणतीच मोजणी सांगू शकत नाही.