पॅकेटांचे लिपिवाचन

कल्याणहून मुरबाडमार्गे जुन्नरकडे जाणाऱ्या प्राचीन व्यापारी वाटेवर, नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध असलेला जो ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांची संख्यांसह नोंद असल्यामुळे, भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात त्याला असाधारण महत्त्व प्राप्त झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्या अंकचिन्हांचा अभ्यास केला. आणि त्यापूर्वी, १८३७ साली, जेम्स प्रिन्सेप यांनी सांचीच्या कठड्यांवरील आखूड लेख त्याच त्या दोन अक्षरांनी संपतात हे हेरून, ते लेख दात्यांचे असावेत आणि तो शब्द ‘दानं’ असावा असे अनुमान बांधले होते. ज्याला विचारावे असा कोणीही जाणता हयात नसताना, कोणते चिन्ह कोठे पुन्हा येते आणि त्याच्या शेजारी काय बदलते एवढ्याच आधारावर अर्थापर्यंत पोहोचण्याची ही पद्धती आहे.

आज हीच पद्धती ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली येथील जिज्ञासू तरुणाला घरातील मेजावर आत्मसात करता येते. घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या सदनिकेत अथवा फडके रोडलगतच्या जुन्या इमारतीत जो मुलगा सायंकाळी ऑनलाइन खेळात मग्न झालेला असतो, त्याला पडद्यावरील धावपळ दिसते. परंतु त्याचा संगणक आणि सर्व्हर यांच्यात दर सेकंदाला जी लहान लहान पॅकेटे जात-येत असतात, त्यांतील मजकूर काय आहे याची त्याला वार्ताही नसते. ती पॅकेटे टिपून घेणे, त्यांतील एकेका बाइटाचे प्रयोजन शोधणे आणि खेळाच्या रचनाकारांनी ठरविलेला प्रोटोकॉल निव्वळ निरीक्षणाने व प्रयोगाने पुन्हा लिहून काढणे, हा रिव्हर्स इंजिनीअरिंगचा छंद होय. शास्त्रीय पद्धतीचे इतके निर्भेळ शिक्षण देणारे छंद थोडे आहेत, असे माझे मत आहे. कारण येथे प्रयोग हवा तितक्या वेळा करता येतो आणि अनुमान खरे की खोटे याचा निकाल तत्काळ लागतो.

नवशिक्याने प्रारंभ जुन्या खेळापासून करावा. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेने १९९६ साली प्रसिद्ध केलेला ‘क्वेक’ हा खेळ या कामी विशेष उपयुक्त आहे; कारण त्यातील पॅकेटे उघड्या मजकुराची आहेत, आणि १९९९ साली त्याचा मूळ प्रोग्राम सर्वांसाठी खुला झाल्यामुळे आपले निष्कर्ष अखेरीस मूळ दप्तराशी ताडून पाहता येतात. घरातील राउटरला जोडलेले दोन संगणक घ्यावेत, एकावर सर्व्हर चालवावा, दुसऱ्यावर खेळावे, आणि त्या दुसऱ्यावर वायरशार्क हे विनामूल्य साधन सुरू ठेवावे. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ साली ‘इथरीअल’ या नावाने प्रसिद्ध केलेले आणि २००६ पासून वायरशार्क म्हणून ओळखले जाणारे हे साधन, कचेरीतील आवक-जावक बारनिशीप्रमाणे, प्रत्येक पॅकेट केव्हा, कोठून, कोठे गेले आणि ते केवढे होते याची क्रमवार नोंद ठेवते. शिवाय आतील प्रत्येक बाइट षोडशमान अंकांत मांडून दाखविते.

पहिला प्रयोग काहीही न करण्याचा. खेळातील पात्र स्वस्थ उभे ठेवले, तरी क्वेकच्या मूळ प्रोटोकॉलमध्ये आपल्याकडून सर्व्हरकडे चोवीस बाइटांची पॅकेटे अखंड जात राहतात. त्यांतील चौथ्या बाइटात नेहमी १८ दिसते, आणि षोडशमानातील १८ म्हणजे दशमानातील २४. तो पॅकेटाच्या लांबीचा आकडा असावा अशी शंका येते. अधूनमधून अवघ्या आठ बाइटांचीही पॅकेटे जातात, ती सर्व्हरच्या महत्त्वाच्या संदेशांची पोच असतात. त्यांच्या चौथ्या बाइटात ८ पाहिला म्हणजे शंकेचे रूपांतर दाखल्यासह निष्कर्षात होते. चोवीस बाइटांच्या पॅकेटांत पाचव्यापासून आठव्या बाइटापर्यंतची संख्या प्रत्येक वेळी एकाने वाढते, अर्थात तो अनुक्रमांक होय. नववा बाइट सदैव ३ असतो, तो संदेशाचा प्रकार सांगतो.

यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा सर्व प्रयोगशास्त्राचा आद्य नियम कसोशीने पाळावा. केवळ गोळी झाडण्याची कळ दाबली की तेविसाव्या बाइटात १ येतो. केवळ उडी मारली की २ येतो. आणि दोन्ही कळा एकत्र दाबल्या की ३ येतो, यावरून एका बाइटातील निरनिराळे बिट निरनिराळ्या कळांसाठी राखून ठेवले आहेत हे ध्यानात येते. शस्त्र बदलले असता चोविसाव्या बाइटात त्याचा क्रमांक एकाच पॅकेटापुरता उमटतो व लुप्त होतो. साध्या चालीने पुढे जाताना सतराव्या व अठराव्या बाइटांत, दशमानात वाचले असता, २०० आणि ० दिसतात. मागे जाताना मात्र ५६ आणि २५५ दिसतात, आणि येथे पुष्कळ नवशिके अडखळतात. लहान स्थानाचा बाइट आधी लिहिला आहे हे ओळखून हिशेब केला, तर ती संख्या ६५,३३६ भरते. ती ६५,५३६ पेक्षा बरोबर दोनशेने कमी असल्याने तिचा अर्थ उणे दोनशे असा होतो. मौज अशी की आरंभीच्या आठ बाइटांत हाच क्रम उलटा, म्हणजे मोठे स्थान आधी, असा असतो. एका भागात सिद्ध झालेला नियम दुसऱ्या भागात खातरजमेवाचून लावू नये, हा धडा त्यातून मिळतो.

दिशांची कथा याहून उद्बोधक आहे. जागच्या जागी संपूर्ण गिरकी घेतली असता पंधरावा बाइट ० ते २५५ असा सर्व किमतींतून फिरून पूर्वस्थितीला येतो, म्हणजे वर्तुळाचे २५६ भाग केलेले असून काटकोनाला ६४ भाग पडतात. एवढी स्थूल मोजणी रचनाकारांनी का पत्करली, याचे उत्तर त्या काळाच्या मोडेममध्ये आहे. २८.८ किलोबिटांच्या मोडेममधून सेकंदाला फार तर ३,६०० बाइट जात. आपल्या चोवीस बाइटांवर इंटरनेटच्या शीर्षकांचे आणखी अठ्ठावीस चढत. अशा तंगीत तीन कोनांसाठी बारा बाइटांऐवजी तीनच खर्चणे हा विचारपूर्वक केलेला हिशेब होता. दहाव्या ते तेराव्या बाइटांतील वेळ मात्र पूर्ण चार बाइटांचा ठेवलेला आहे. कारण सर्व्हरने पाठविलेली वेळ खेळाडूचा संगणक तशीच परत करतो, आणि तिची वजाबाकी करून सर्व्हर ज्याला खेळाडू पिंग म्हणतात तो विलंब काढतो.

अर्थ लावला म्हणजे काम संपले असे नव्हे. आपण स्वतः लिहिलेल्या लहानशा प्रोग्रामने तसेच पॅकेट रचावे, आपल्याच सर्व्हरकडे धाडावे, आणि पात्र अपेक्षेप्रमाणे वळते की नाही ते पाहावे. भाकीत उतरले तरच समज खरी. कॅनबेरा येथील संशोधक विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी याच मार्गाने, संगणकांमधील फायलींच्या देवघेवीचा प्रोटोकॉल नेटवर्कावरील पॅकेटांचे निरीक्षण करून उमगून घेतला, आणि त्यातून ‘सांबा’ हा जगभर वापरला जाणारा प्रोग्राम जन्माला आला.

या छंदाला हद्दी आहेत आणि त्या मनोभावे पाळल्या पाहिजेत. आधुनिक खेळांची पॅकेटे बहुधा कूटबद्ध असतात, त्यामुळे तेथे लांबी आणि वेळ याखेरीज फारसे हाती लागत नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये, १९९९ च्या दुरुस्तीनंतर, कायदेशीरपणे मिळविलेल्या प्रोग्रामचे कार्य त्यामागील तत्त्वे जाणण्यासाठी न्याहाळण्याची व तपासण्याची मुभा आहे. परंतु मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात वा नेटवर्कात शिरणारा मनुष्य माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ अन्वये नुकसानभरपाई देण्यास जबाबदार ठरतो. शेजाऱ्याची पॅकेटे टिपणे हा त्याच्या खासगी जीवनावरील आघात आहे, आणि मिळविलेल्या ज्ञानाचा उपयोग इतर खेळाडूंना फसविण्यासाठी करणे हा विद्येचा द्रोह आहे.

ज्या कल्याणात १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे आणि ज्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, त्या परिसरात या विद्येचा एखादा अभ्यासवर्ग चालविण्यास फार खर्चाची तजवीज लागणार नाही. दोन जुने संगणक, इंटरनेटला न जोडलेला एक राउटर, आणि अनुमान, प्रयोग व निकाल अशा तीन रकान्यांची एक वही एवढ्यावर तो उभा राहील. त्या वहीत फसलेल्या अनुमानांचीही तितक्याच काळजीने नोंद व्हावी. कारण कोणते स्पष्टीकरण का टाकून द्यावे लागले हे ज्याला तपशीलवार सांगता येते, तोच विद्यार्थी पुढे कोणत्याही अज्ञात यंत्रासमोर न बिचकता उभा राहतो.