शितावरून चौकाची परीक्षा

तुमच्या गावातील सर्वांत गजबजलेल्या चौकातून सकाळी दहा वाजता एका मिनिटात किती माणसे पायी जातात? त्यांत डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया किती, सायकलवाले किती? मे महिन्यात भर दुपारी तेथे सावली नेमकी कोठे पडते? रोज त्याच वाटेने शाळेत जाणाऱ्यांनाही या प्रश्नांची उत्तरे चटकन देता येणार नाहीत. परंतु चौक सुधारण्याचा बेत आखला जातो तेव्हा हेच प्रश्न महत्त्वाचे ठरतात; आणि त्यांवर आपले म्हणणे मांडण्याचा हक्क तुमच्या घरच्या मंडळींना कायद्याने दिलेला आहे.

आपल्या खानदेशातलेच उदाहरण घेऊ. 1818 मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे मुख्य ठाणे म्हणून निवडले. 1819 साली धुळ्यात 401 घरे होती आणि 2,509 माणसे राहत होती. ब्रिग्जने नव्या वस्तीची आखणी केली व बाहेरून कारागीर आणि व्यापारी आणून वसविले. आजही धुळ्यात पत्ता सांगताना ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ असे सांगतात. मात्र त्या काळी आखणी करणे हे सरकारी अधिकाऱ्याचे काम होते. रहिवाशांच्या हरकती मागविल्याच पाहिजेत, असा कायदा नव्हता.

आज तो आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्यान्वये शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो. राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत नोटीस देऊन लोकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. त्यासाठी साधारणतः 30 दिवसांची मुदत असते. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. एकदा आराखडा मंजूर झाला की त्याचा परिणाम वीसएक वर्षे भोगावा लागतो. म्हणजे आज नववीत असलेला मुलगा तिशी ओलांडीपर्यंत त्याच आखणीतून चालणार! त्या मानाने 30 दिवस म्हणजे फार थोडा अवधी.

हरकतींचा काही उपयोग होतो का, अशी शंका तुम्हांला येईल. 2015 साली मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात कितीतरी चुका असल्याचे नागरिकांनी दाखवून दिले. हजारोंनी हरकती आल्या आणि अखेर राज्य सरकारने त्या मसुद्याची फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. आपल्या गल्लीत काय आहे, हे गल्लीत राहणाऱ्यालाच अधिक ठाऊक असते. जळगावच्या महापालिकेची इमारत सतरा मजली आहे. तिच्या माथ्यावरून शहराची सगळी छपरे दिसतील. पण छपराखाली, टपरीच्या आडोशाला कोण उभे आहे, ते खाली उतरल्यावाचून कळावयाचे नाही.

आता विज्ञानाकडे वळू. “येथे फार गर्दी होते” हे झाले एक मत. “मंगळवारी सकाळी दहा ते सव्वादहा या वेळात येथून 400 माणसे पायी गेली आणि त्यांतील 310 रस्त्यावरून चालत होती, कारण पदपथ मोकळा नव्हता” हे झाले निरीक्षण. मताला ‘नाही’ म्हणणे सोपे असते. निरीक्षण खोडून काढावयाचे तर समोरच्यालाही मोजणी करावी लागते. मोजणीला वही, पेन्सिल, घड्याळ व मोजपट्टी एवढे साहित्य पुरे. पदपथावर चालावयास किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तुमच्या पेठेत ती किती भरते, ते मोजून पाहा.

मोजणीत एक पथ्य पाळा. यदृच्छेने घडणाऱ्या गोष्टी मोजताना येणारा फरक साधारणपणे त्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. 100 माणसे मोजलीत तर दहाचा, म्हणजे शेकडा दहाचा फरक धरावा; 400 मोजलीत तर वीसचा, म्हणजे शेकडा पाचचाच. म्हणून पाच मिनिटे मोजून घरी पळू नका. शिवाय बाजाराचा दिवस व इतर दिवस, सकाळ व संध्याकाळ यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवा.

मोजणी केव्हा केली यालाही फार महत्त्व आहे. समजा, रस्त्याच्या दक्षिण बाजूला 12 मीटर उंचीची इमारत आहे. जळगाव 21 अक्षांशावर असल्याने 22 डिसेंबरला माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेपंचेचाळीस अंशांवर असतो आणि त्या इमारतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ 12 मीटर लांब पडते. अख्खा रस्ता गार! पण मे महिन्याच्या 25 तारखेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आधी थोडा वेळ सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि तीच इमारत रस्त्यावर मुळीच सावली पाडीत नाही. त्या वेळी आसरा उरतो तो झाडाचा किंवा दुकानाच्या पुढे आलेल्या पडवीचा. पारा 45 अंशांच्या आसपास असताना केळीच्या गाडीमागे दिवसभर उभे राहणाऱ्या माणसाला या भूमितीचा अर्थ शिकवावा लागत नाही. चौकाची पाहणी डिसेंबरात झाली, तर ‘सावली भरपूर, झाड तोडावयास हरकत नाही’ असा शेरा पडू शकतो. मे महिन्यातील नोंद कोणी पुढे ठेवली, तर तो टिकणार नाही.

आपल्याकडे म्हण आहे, ‘शितावरून भाताची परीक्षा.’ ही म्हण खरी ठरावयास एक अट आहे: भात सर्वत्र सारखा शिजलेला असावा. वरचे शीत मऊ आणि तळाचे करपलेले असेल तर परीक्षा फसते. लोकांचे मत घेतानाही असेच होते. दुपारी चार वाजता सभागृहात बैठक ठेवली तर गल्ल्यावर नोकर बसवून दुकानदार येऊ शकेल. खेड्यातून वांगी-मेथी घेऊन आलेल्या बाईने तेथे यावयाचे तर तिचा त्या दिवसाचा धंदा बुडतो. ती घरी अहिराणी बोलते. नोटिशीतील कायद्याची मराठी तिला परकी वाटते. मग ‘लोकांनी पसंती दिली’ असे कागदावर लिहिले जाते आणि ज्यांची जागा जावयाची त्यांना कोणी विचारलेलेच नसते. आपल्या पदरात काय पडणार, हे त्यांना पालिकेची गाडी दारात आल्यावर कळते.

हा दोष ओळखूनच 2014 च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली आहे. तिच्या सदस्यांत निदान शेकडा 40 प्रतिनिधी फेरीवाल्यांनी स्वतः निवडलेले असावे लागतात आणि त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. वस्तीच्या शेकडा अडीच इतक्या विक्रेत्यांना सामावून घेण्याचे प्रमाणही त्यात आहे. 2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या साडेचार लाखांहून अधिक होती; त्या हिशेबाने हा आकडा सव्वाअकरा हजारांच्या वर जातो. एवढ्या कुटुंबांची चूल ज्या चौकांवर पेटते, त्यांना वगळून घेतलेले मत हे वरचे शीत झाले.

पॅट्रिक गेडिस हे नाव तुम्ही कदाचित ऐकले नसेल. मुळात जीवशास्त्रज्ञ असलेले हे स्कॉटिश गृहस्थ 1914 साली भारतात आले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. जुन्या वस्तीतून सरळसोट रस्ता घालून घरे पाडण्यापेक्षा गल्ली-बोळांतून पायी हिंडून, मोजक्याच ठिकाणी दुरुस्ती करावी, असे ते सांगत. धुळ्याचा आग्रा रोड ज्या मुंबई-आग्रा मार्गावरून नाव घेतो, त्याच मार्गावरील इंदूर शहराचा अहवाल त्यांनी 1918 मध्ये लिहिला. तेथे प्लेग होता. दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग ठरलेला असे. गेडिस यांनी जाहीर केले की, ज्या रस्त्यांची सफाई सर्वांत चांगली होईल तेथून मिरवणूक जाईल. लोक झाडून कामाला लागले! योजना आपली वाटली की माणूस हात लावतो, हे त्यांनी ओळखले होते.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. वर्गाचे चार गट करा. एकाने पादचारी मोजावेत, दुसऱ्याने पदपथाची रुंदी, तिसऱ्याने दर तासाला सावलीची रेषा नोंदवावी. चौथ्या गटाचे काम सर्वांत अवघड. त्याने विक्रेत्यांजवळ, हमालांजवळ, रिक्षावाल्यांजवळ जाऊन, त्यांच्या सवडीने आणि त्यांच्या बोलीत, त्यांना काय हवे ते विचारावे व जसेच्या तसे लिहून घ्यावे. नंतर सर्व नोंदी तारीख-वेळेसह एका कागदावर उतरवा, खाली पालकांच्या व शिक्षकांच्या सह्या घ्या आणि तो कागद नगरपालिकेत किंवा महापालिकेत देऊन त्याची पोच मागून घ्या. पुढे हरकतींची नोटीस निघेल तेव्हा बाजारात भाजी विकणाऱ्या त्या बाईचे म्हणणे आकड्यांसह तयार असेल.