युद्धतहकुबी मोडली म्हणजे काय ?

दोन राष्ट्रांमधील लढाई थांबल्याचें वर्तमान येतांच सर्वत्र समाधान पसरतें. परंतु तें समाधान पुष्कळदां दुसरा दिवसही पाहत नाहीं. ‘शत्रूनें तहकुबी मोडली,’ असें एक पक्ष म्हणतो. ‘मोडली ती तुम्हींच,’ असें दुसरा पक्ष उत्तर देतो. वाचक बुचकळ्यांत पडतो, आणि बहुधा आपल्या बाजूचें तेवढें खरें, असें ठरवून मोकळा होतो. वस्तुतः या प्रश्नाचा निर्णय इतका सोपा नसतो. आणि तो चुकला, तर त्याची किंमत माणसांच्या प्राणांनीं द्यावी लागते. ही गोष्ट काश्मीरच्या उदाहरणावरून आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलमंडळींस समजावून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. तह आणि युद्धतहकुबी या दोन गोष्टी भिन्न आहेत. तहानें भांडणाचें मूळ मिटतें, निदान तें मिटलें असें उभयपक्षीं मान्य होतें. तहकुबीनें तसें कांहींच मिटत नाहीं. न्यायालयांत खटला तहकूब होतो, तेव्हां वादी व प्रतिवादी यांचीं म्हणणीं जशींच्या तशीं उभीं असतात. केवळ पुढची तारीख पडते. रणांगणावरही तसेंच. म्हणून तहकुबी टिकते ती परस्परांवरील विश्वासावर नव्हे, तर कागदावरील शब्दांवर. कोणीं कोठें थांबावें, काय करूं नये, आणि करूं नये तें घडल्यास त्याची चौकशी कोणीं करावी, हें सर्व त्या शब्दांनींच ठरत असतें.

काश्मीरांतील लढाई १९४७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत सुरू झाली. १ जानेवारी १९४९ रोजीं, मध्यरात्रीस एक मिनिट कमी असतां, ती थांबली. त्यानंतर २७ जुलै १९४९ रोजीं कराची येथें भारत व पाकिस्तान यांच्या लष्करी प्रतिनिधींनीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आयोगासमक्ष एका करारावर सह्या केल्या. त्या करारानें युद्धबंदीची रेषा ठरली. दक्षिणेस मनावरपासून उत्तरेस केरनपर्यंत, व केरनपासून पूर्वेस हिमनद्यांच्या प्रदेशापर्यंत, असा तिचा मार्ग होता. कांहीं ठिकाणें वगळतां सैन्यानें रेषेपासून निदान ५०० यार्ड दूर राहावें, आणि नवें सैन्य आणूं नये व मोर्चे अधिक बळकट करूं नयेत, असे निर्बंध त्यांत होते.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. या कराराप्रमाणें ‘भंग’ हा शब्द केवळ गोळीबारास लागू नव्हता. कोणी शिपाई ५०० यार्डांच्या आंत आला, किंवा कोठें नवा मोर्चा उभारला गेला, तरी तोही भंगच. त्यामुळें ‘त्यांनीं शंभर वेळां तहकुबी मोडली,’ एवढ्या वाक्यावरून कांहींच कळत नाहीं. शंभर भंग म्हणजे शंभर खणलेले खड्डे असूं शकतील. आणि एकच भंग म्हणजे एक संपूर्ण स्वारी असूं शकेल. आंकडा मोठा म्हणून अपराध मोठा, असें मानणें धोक्याचें आहे.

आतां चौकशीचा विचार. संयुक्त राष्ट्रसंघाचे पहिले लष्करी निरीक्षक २४ जानेवारी १९४९ रोजीं त्या प्रदेशांत दाखल झाले. त्यांनीं स्थानिक अधिकाऱ्यांबरोबर चौकशीस जावें, होईल तितकी माहिती मिळवावी, आणि ती पूर्ण, अचूक व निःपक्षपाती अशा रीतीनें आपल्या वरिष्ठांस कळवावी, एवढेंच त्यांचें काम होतें. सैन्यांच्या मध्यें पडूं नये व कोणाच्या हुकुमांत ढवळाढवळ करूं नये, अशी त्यांस ताकीद होती. त्यांच्या हातीं बंदूक नव्हती, दंड करण्याचा अधिकारही नव्हता. खरें वर्णन हेंच काय तें त्यांचें सामर्थ्य.

या सामर्थ्याची कसोटी १९६५ सालीं लागली. त्या वर्षीं ५ ऑगस्टपासून रेषेच्या भारतीय बाजूस सशस्त्र टोळ्यांचे हल्ले होऊं लागले. ही पाकिस्तानची चढाई आहे, असें भारताचें म्हणणें; हा काश्मिरी जनतेचा उठाव आहे, त्याचा आमच्याशीं संबंध नाहीं, असें पाकिस्तानचें म्हणणें. त्या वेळीं ऑस्ट्रेलियाचे जनरल निम्मो हे मुख्य लष्करी निरीक्षक होते. त्यांच्या माहितीच्या आधारें राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट यांनीं ३ सप्टेंबर रोजीं सुरक्षा समितीपुढें अहवाल ठेविला. या दिवसांतील भंग बऱ्याच अंशीं पाकिस्तानच्या बाजूनें रेषा ओलांडून आलेल्या, व बहुधा गणवेश नसलेल्या, सशस्त्र माणसांनीं केले, असा निष्कर्ष त्यांत स्पष्ट दिला होता. परंतु अहवाल तेथेंच थांबला नाहीं. हल्ल्यांचा विस्तार, त्यांचें स्वरूप व रेषेपासूनची जवळीक यांवरून हा निष्कर्ष काढिला आहे. बहुतेक प्रसंगीं त्या माणसांची ओळख, किंवा त्यांचें प्रत्यक्ष रेषा ओलांडणें, निरीक्षकांस डोळ्यांनीं पाहून पडताळतां आलें नाहीं, हेंही त्यांत नमूद होतें. भारतीय सैन्यानें रेषा ओलांडल्याची नोंदही त्या अहवालांत होती.

विद्यार्थीमित्रांनो, या लेखनाची रीति नीट पाहा. जें पाहिलें तें ‘पाहिलें’ म्हणून सांगितलें. जें अनुमानिलें तें ‘अनुमानिलें’ म्हणून. अनुमान निराधार नव्हतें, म्हणून तें लपविलें नाहीं. तें अनुमान होतें, म्हणून त्यास साक्षीचें सोंग दिलें नाहीं. दुर्दैव इतकेंच कीं, हें वर्णन प्रसिद्ध होण्यास उशीर झाला. १ सप्टेंबर रोजींच छांबच्या बाजूस पाकिस्तानचे रणगाडे पुढें सरकले होते, आणि ६ सप्टेंबर रोजीं भारतीय सैन्य लाहोरच्या आघाडीवर उतरलें. खरें वर्णन उशिरां झालें तर तें इतिहासास उपयोगी पडतें, परंतु लढाई टाळण्यास पडत नाहीं.

शब्द अपुरे राहिले म्हणजे काय होतें, याचें उदाहरण त्याच रेषेच्या दुसऱ्या टोकास सांपडतें. श्योक नदीवरील चालुंका, पुढें खोर, आणि ‘तेथून उत्तरेस हिमनद्यांपर्यंत’, असें कराचीच्या करारांत लिहिलें होतें. त्या निर्जन बर्फांत कोणी जाणार नाहीं, या समजुतीनें पुढची आंखणी झालीच नाहीं. १९७१ च्या युद्धानंतर २ जुलै १९७२ रोजीं सिमला करार झाला व नवी नियंत्रण रेषा नकाशांवर काढण्यांत आली, तीही एन. जे. ९८४२ या बिंदूपाशींच थांबली. मग ‘तेथून उत्तरेस’ म्हणजे कोठें? भारत म्हणतो, साल्तोरो पर्वताच्या धारेनें. पाकिस्तान म्हणतें, ईशान्येस काराकोरम खिंडीकडे. १३ एप्रिल १९८४ रोजीं भारतीय सैन्य सियाचीनच्या खिंडींवर चढलें, आणि तेव्हांपासून दोन्ही सैन्यें त्या उंचीवर समोरासमोर बसलीं आहेत. तेथें गोळीपेक्षां थंडीनें व हिमकड्यांनींच अधिक शिपाई मारले. ७ एप्रिल २०१२ रोजीं गयारी येथें एकाच हिमलोटाखालीं पाकिस्तानच्या बाजूचीं १४० माणसें गाडलीं गेलीं. दोन-तीन शब्दांची संदिग्धता किती महाग पडूं शकते, तें यावरून दिसेल.

पुढें तर निरीक्षकांविषयींही एकमत राहिलें नाहीं. सिमला करारानंतर त्यांचें काम संपलें, असें भारत मानतो, व १९७२ च्या जानेवारीपासून त्यानें त्यांजकडे तक्रार केलेली नाहीं. पाकिस्तान मात्र तक्रारी करीत राहिलें. सुरक्षा समितीनें ठराव केल्याखेरीज हें पथक बंद होऊं शकत नाहीं, अशी राष्ट्रसंघाची भूमिका आहे. म्हणजे रेषा एक, परंतु दोघांसही मान्य असा साक्षीदार नाहीं.

याचा परिणाम मे २०२५ मध्यें सर्वांनीं पाहिला. ७ मे रोजीं पेटलेला संघर्ष १० मे रोजीं सायंकाळीं पांच वाजतां थांबवावा, असें ठरलें. अमेरिकेच्या अध्यक्षांनीं ही आपल्या मध्यस्थीनें झालेली युद्धबंदी असल्याचें जाहीर केलें, आणि पाकिस्ताननें त्यांचे आभार मानिले. भारतानें मात्र हा दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांत थेट झालेला समझोता असल्याचें सांगितलें. त्याच रात्रीं पाकिस्ताननें समझोता मोडल्याचा आरोप भारतानें केला. पाकिस्ताननें तो नाकारून उलट भारतावर ठेविला. १९४९ सारखा कलमवार कागद लोकांपुढें नव्हता. त्यामुळें नांवावरूनही वाद झाला आणि भंगावरूनही.

अशा वेळीं सामान्य वाचकानें काय करावें? आमच्या मतें त्यानें बातमीस कांहीं साधे प्रश्न विचारावे. काय करूं नये, असें ठरलें होतें? घडलें म्हणतात तें कोठें व किती वाजतां घडलें? तें कोणीं पाहिलें? सांगणारा स्वतः पाहिलेलें सांगतो, कीं तर्क करतो? आणि दुसरा पक्ष त्याच घटनेविषयीं काय म्हणतो? यांपैकीं एखाद्याचें उत्तर नसेल, तर ‘अमक्यानें असा आरोप केला आहे’ एवढेंच म्हणावें. ‘असें घडलें’ असें म्हणूं नये. असें बोलणें म्हणजे आपल्या देशाविषयीं उदासीन असणें, असें कोणी मानूं नये. सीमेवर उभा असलेला शिपाई आपलाच असतो; आणि खोट्या किंवा अर्धवट वार्तेनें लढाई पुन्हां पेटली, तर प्रथम त्याच्याच प्राणांवर बेततें.