उसना सूर, आपला गळा

आपण हातात धरलेला हा दिवाळी अंक म्हणजे मुळात एक उसनवारी आहे, असे म्हटले तर संपादक माझ्यावर रागावणार नाहीत अशी आशा आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते विलायती नियतकालिकांचे नाताळ अंक. तिकडे नाताळात घरोघरी वाचनाची मेजवानी होते, मग आपल्याकडे दिवाळीत का होऊ नये, असा तो विचार. या गोष्टीला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. फराळाच्या ताटाशेजारी एखादा दिवाळी अंक पडलेला नसेल, तर मराठी घराला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. तो चाळताना एकाही वाचकाच्या मनात नाताळ येत नाही. उसने आणलेले इतके आपले झाले, की ते मुळात कोणाचे हे आता मुद्दाम सांगावे लागते.

हे पुराण लावण्याचे कारण माझ्या पेशात आहे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. जुलै सरत आला, नवी मुले वर्गात जरा रुळली, की तास संपल्यावर कोणी ना कोणी मागे रेंगाळते. पूर्वी वही पुढे होत असे, आता मोबाईल पुढे होतो; संकोच मात्र तोच. "सर, जरा वाचाल का?" मी वाचतो आणि मान वर करतो न करतो तोच पुढचा प्रश्न येतो. पूर्वी तो असे, "बरं आहे का?" अलीकडे तो असतो, "कोणासारखं तर नाही ना वाटत?"

या दुसऱ्या प्रश्नाने मला काळजीत टाकले आहे. आपल्या लिहिण्यावर कोणाची सावली पडली तर आपण खोटे ठरू, अशी एक धास्ती मुलांच्या मनात बसली आहे. एका विद्यार्थ्याने तर मला अभिमानाने सांगितले, की तो इतरांच्या कविता वाचतच नाही. "माझ्यावर परिणाम होईल ना, सर!" मी विचारले, "अरे, मग कवितेच्या ओळी आखूड लिहायच्या असतात, हे तुला कोणी सांगितले?" तो हसला. पण वाचू काही लागला नाही.

गंमत अशी, की बाकीच्या सर्व विद्यांत आपण नकलेला नावे ठेवीत नाही. लहान मूल कित्ता गिरवते तेव्हा त्याला कोणी चोर म्हणत नाही. घरातली मुलगी आईच्या हाताकडे बघत पुरण वाटते, आजीसारखीच वेलदोड्याची चिमूट टाकते, आणि पोळी साधली की "अगदी आजीच्या हातची!" असे म्हणून आपण तिचे कौतुकच करतो. सुतार, शिंपी, तबलजी सारे आधी गुरूचा हात उचलतात. मग लिहिणाऱ्यानेच काय घोडे मारले आहे?

यावर मला एक उत्तर हमखास ऐकावे लागते. "पण सर, बहिणाबाई? त्यांनी कुठे कोणाचे वाचले होते?" प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याचा विचार करू. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८० चा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, हे खरे. त्यांची गाणी मुलाने, कवी सोपानदेव चौधरी यांनी, आणि आप्तांनी टिपून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने बाहेर आली. पण वाचले नाही म्हणजे काही घेतले नाही, असे थोडेच आहे? जात्यावर बसून पिढ्यान् पिढ्या बायकांनी म्हटलेल्या ओव्या त्यांच्या कानांत होत्या. सणावारांची गाणी, देवळातली भजने आणि कीर्तने होती. ओवीची घडण त्यांनी शोधून काढली नाही. ती त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळाली. त्यांचे स्वतःचे काय, तर त्या घडणीत भरलेला मजकूर. त्यांचे शेत, त्यांचे वैधव्य, त्यांची खानदेशी बोली आणि प्रत्येक गोष्टीला "असे का?" म्हणून विचारणारी बुद्धी. बहिणाबाई कोणाच्याही प्रभावाखाली नव्हत्या असे म्हणणे, म्हणजे जात्याभोवतीच्या त्या शेकडो अनाम बायकांना विसरणे होय.

याच जळगाव जिल्ह्यात, फैजपूरला, १९०९ साली दुसरा एक कवी जन्मला. बा. सी. मर्ढेकर. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती; हे विलायतेला जाऊन आलेले, इंग्रजी वाङ्मयात मुरलेले. यांचा पहिला संग्रह 'शिशिरागम' १९३९ साली निघाला. वर्गात मी तो मुद्दाम वाचायला देतो, आणि कवीचे नाव झाकून ठेवतो. मुले सांगतात, बालकवींसारखे वाटते. कोणी म्हणते, माधव जूलियनांची आठवण होते. एकही मूल मर्ढेकरांचे नाव घेत नाही. मग मी नाव उघड करतो, आणि वर्गात एक सुखाची कुजबुज होते. एवढ्या मोठ्या कवीलाही दुसऱ्यासारखे लिहिण्याची मुभा होती तर!

त्यानंतर आठ वर्षांनी, १९४७ साली, 'काही कविता' आली आणि मराठी कविता पहिल्यासारखी राहिली नाही. या आठ वर्षांत काय घडले? दुसरे महायुद्ध झाले. यंत्रासारखी धावणारी मुंबई आणि तीत चिरडली जाणारी माणसे कवीने पाहिली. बालकवींची हिरवळ आणि माधव जूलियनांची प्रीती घेऊन या मुंबईकडे जावे, तर शब्द अपुरे पडू लागले. आता मर्ढेकरांनी काय करावे? कोणाचेही काही न घेता कोऱ्या पाटीवर आरंभ केला काय? नाही. उलट त्यांनी आणखी घेतले. ओवी आणि अभंग घेतले थेट संतांकडून, आणि त्यांत गिरण्या, रेल्वे, दवाखाने आणि इंग्रजी शब्द बसवले. एलियटसारख्या पाश्चात्त्य कवींचा ठसाही टीकाकारांनी त्यांच्यावर दाखवून दिला आहे. म्हणजे पाहा, 'शिशिरागम'पेक्षा 'काही कविता'त उसनवारी कमी नव्हे, जास्तच आहे. तरी तिथली ओळ न् ओळ मर्ढेकरांची म्हणून ओळखू येते. एकाच घरून आणलेले ताट ओळखू येते. तुकोबांच्या घरचे पीठ आणि साता समुद्रांपलीकडचे मीठ घेऊन आपल्या चुलीवर भाजलेली भाकरी आपलीच म्हणावी लागते.

मला वाटते, खरी किल्ली इथे आहे. आपला आवाज प्रभाव टाळून सापडत नाही. मनापासून घेतलेले उसने एका ठिकाणी तोकडे पडते; आपल्याला जे सांगावयाचे आहे ते त्यात मावत नाही. नेमके त्या ठिकाणी आपला आवाज सुरू होतो.

या सिद्धांताची परीक्षा माझ्यापुढे एका विद्यार्थिनीच्या रूपाने आली. चांगले लिहिणारी मुलगी. आंतरमहाविद्यालयीन काव्यस्पर्धेत तिने कविता वाचली, आणि एका परीक्षकांनी भर सभेत सांगितले, "बाई, ही तर ग्रेस यांची नक्कल!" सभागृह हसले. मुलीने लिहिणे सोडले. सहा महिन्यांनी तिची वही तिने माझ्याकडे आणून टाकली ती अशा भावनेने, की जणू रद्दीतच टाकते आहे.

मी ती वही घरी नेऊन वाचली. परीक्षक खोटे बोलले नव्हते. पानोपानी संध्याकाळ होती, दूरच्या घंटा होत्या, दुःखाची ती ओळखीची धूसर छाया होती. पण एका पानावर, त्या साऱ्या संध्याकाळींच्या मधोमध, तिच्या आईची वही आली होती. आई डोंबिवलीत पोळीभाजीचे डबे देते. कोणाला किती पोळ्या, कोणाचा महिना बाकी, कोण गावी गेले, हे सारे त्या वहीत टिपलेले असते. आणि मुलीने लिहिले होते, की आईच्या हस्ताक्षरात तिचे स्वतःचे नाव तिने कधीच पाहिलेले नाही. ओळ ओबडधोबड होती. शेजारच्या ओळींशी तिचे जुळत नव्हते. बहुधा म्हणूनच तिच्यावर काट मारलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला ती ओळ दाखवली. "ही कोणाची?"

"माझीच, सर. पण ती बसत नव्हती."

"कशात बसत नव्हती?"

ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "ग्रेसमध्ये."

मी एवढेच म्हटले, की ग्रेस यांच्याकडून तू शब्दाचा कान शिकलीस, ते ऋण मोठे आहे, ते नाकारू नकोस. पण ही ओळ त्यांच्या घरात मावत नसेल, तर तिच्यासाठी दुसरे घर बघ. नारायण सुर्वे वाच, बहिणाबाई वाच, घरच्या हिशेबाच्या वहीची भाषा ऐक. ती पुन्हा लिहू लागली आहे. मोठी कवयित्री होईल की नाही, कोण जाणे. पण आता तिच्या वहीत काट मारलेल्या ओळी मी आधी वाचतो.

कवितेपेक्षा गाण्याचा शौक असलेल्या वाचकांना हीच गोष्ट कुमार गंधर्वांच्या चरित्रात दिसेल. शिवपुत्र कोमकळी हे त्यांचे मूळ नाव. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी गावी १९२४ साली जन्म. लहानपणी हे पोर मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐके आणि जशाच्या तशा गाऊन दाखवी. अब्दुल करीम खाँसाहेबांचा सूर या एवढ्याशा गळ्यातून ऐकून लोक थक्क होत. लोकांना तो चमत्कार वाटला. पण चमत्कार करणारा मुलगा मोठा झाल्यावर केवळ नकलाकार उरण्याची भीती असतेच. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे ते शिकले, हे त्यांचे भाग्य. देवधर विष्णु दिगंबरांचे शिष्य खरे, परंतु नाना घराण्यांच्या बंदिशी गोळा करणारा हा माणूस एका घराण्याचे कुंपण मानीत नसे.

पुढे ऐन उमेदीत, स्वातंत्र्याच्या सुमारास, क्षयाने गाठले. हवापालटासाठी देवासला बिऱ्हाड हलले. एक फुप्फुस निकामी झाले, डॉक्टरांनी गाण्याला बंदी घातली, आणि काही वर्षे हा गवई अंथरुणावर पडून केवळ ऐकत राहिला. ऐकू काय येत होते? माळव्यातल्या बायाबापड्यांची लोकगीते. दीर्घ श्वास घेऊन गाणाऱ्या त्या थोर गवयांची नक्कल आता शरीरच करू देणार नव्हते. उसने घेतलेले इथे अक्षरशः तोकडे पडले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा गाणे बदललेले होते. छोट्या, धारदार, अचानक झेपावणाऱ्या स्वरावली, आणि लोकधुनांतून उमगलेले नवे राग. 'अनूपरागविलास' या १९६५ च्या ग्रंथात त्यांच्या रचना वाचायला मिळतात.

आणि मग या स्वतंत्र गवयाने एक कार्यक्रम केला, त्याचे नाव 'मला उमजलेले बालगंधर्व'. या नावावर मी वर्गात एक अख्खा तास बोलू शकेन. त्यात नक्कल करून दाखवण्याचा दावा नाही, की बालगंधर्वांचे आपण काही लागत नाही असा आवही नाही. 'बालगंधर्व' या शब्दात ऋण आहे आणि 'मला उमजलेले' या शब्दांत गाणारा आहे. लहानपणी ज्याने दुसऱ्यांचे गाणे हुबेहूब उचलले, त्याला या दोन गोष्टींमधला अवघा रस्ता चालावा लागला, तेव्हा कुठे हे नाव सुचले.

येथे चोरीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, नाहीतर परीक्षेत उतारे उतरवणारे माझे काही विद्यार्थी हा लेख पुरावा म्हणून पुढे करतील! चोर मूळ मालकाचे नाव लपवतो आणि वस्तू आहे तशी वापरतो. शिकणारा नाव सांगतो आणि वस्तू बदलून टाकतो. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवर टीका लिहिली. व्यासांचे आणि आधीच्या भाष्यकारांचे ऋण त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले, आणि तरीही जे लिहिले ते संस्कृतातल्या कोणत्याही भाष्यासारखे नव्हते. ऋण मान्य केल्याने मोठेपणाला उणेपणा येतो, असे त्यांना वाटले नाही. आपल्याला का वाटावे?

तेव्हा घरोघरच्या आईबाबांना आणि आजीआजोबांना या निमित्ताने माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या घरी कोणी तरी काही तरी करील. मुलगी शेजारच्या दारातली रांगोळी पाहून तशीच काढायला बसेल. मुलगा एखाद्या गायकाच्या लकबीने गाणे गुणगुणेल. एखादी सून लपूनछपून कथा लिहीत असेल आणि ती वाचून आपल्याला कोणाची तरी आठवण होईल. त्या वेळी "ही तर नक्कल!" हे तीन शब्द कृपा करून गिळून टाकावेत. "कोणाची आवडली?" असे विचारावे, आणि त्याच जातीची आणखी चार माणसे दाखवावीत. एकाचेच ऐकणारा त्याचा पडसाद होतो. दहांचे ऐकणाऱ्याला निवड करावी लागते, आणि निवडता निवडता त्याची आवडनिवड ठरत जाते.

मग एके दिवशी शेजारणीच्या रांगोळीतले ठिपके आपल्या अंगणाला पुरणार नाहीत. अंगण लांबट असेल, मध्येच तुळशीवृंदावन येत असेल, नाहीतर सदनिकेच्या दारापुढे जेमतेम दीड हात जागा असेल. मुलगी क्षणभर अडेल, ठिपके मोजील, आणि मग एखादी रेघ आपल्या मनाने वळवील. त्या वेळी आपण तिथे उभे असलो, तर काही बोलू नये. रांगोळीचा डबा तेवढा तिच्या हाताशी सरकवावा.