नेमणूक ठरलेली, खर्च मोकाट

तंजावूरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद वाचायला महाराष्ट्रातून अभ्यासक येतात. शहरात तमिळ विद्यापीठ आणि राजा सरफोजी शासकीय महाविद्यालय आहे, शहराबाहेर शास्त्र विद्यापीठ. घरापासून हजारेक किलोमीटरवर, अनोळखी भाषेत, पहिल्यांदाच स्वतःचा महिना चालवायचा, ही कसरत इथल्या मराठी विद्यार्थ्यालाही चुकत नाही. पैशांबद्दलचे त्याचे गैरसमज मात्र पुण्या-नागपुरातल्या मुलांसारखेच असतात.

गैरसमज : घरून थोडे जास्त आले की ओढाताण संपेल.

वस्तुस्थिती : ओढाताण बहुधा रकमेपेक्षा तारखांची असते. पैसे एक तारखेला येतात, पहिल्या दहा दिवसांत हात सैल सुटतो आणि वीस तारखेनंतर उसनवारी सुरू होते. वाढीव रक्कमही याच वाटेने जाते.

ज्यांच्या नावाने इथले महाविद्यालय आहे, ते तंजावूरचे मराठा राजे दुसरे सरफोजीही ठरलेल्या नेमणुकीवरच, म्हणजे तनख्यावरच, होते. ऑक्टोबर १७९९च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या वाट्याला वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. विद्यार्थ्याला ही रक्कम अफाट वाटेल, पण तिच्यामागे एक अख्खा दरबार होता. त्यातूनच त्यांनी देशोदेशीचे ग्रंथ विकत घेतले, नायक राजांच्या काळापासूनचा ग्रंथसंग्रह वाढवला. हौस ठरवून जोपासली, तर ती नेमणुकीत बसते.

विद्यार्थ्याने पैसे आल्याबरोबर खोलीभाडे, खाणावळ आणि मोबाइलचे पैसे बाजूला काढावेत. उरलेल्याचे चार भाग करावेत आणि एका आठवड्याला एकच भाग खात्यात हाताशी ठेवावा. चौथ्या आठवड्यातला उपास एवढ्यानेही टळतो.

गैरसमज : पै-पैचा हिशेब कंजूष लोक ठेवतात.

वस्तुस्थिती : ज्या मोडी कागदांवर तंजावूरच्या मराठ्यांचा इतिहास उभा आहे, त्यांत हिशेबाचे कागद भरपूर आहेत. सण, दानधर्म, पगार, खरेदी, सगळे कारकुनाच्या लेखणीखालून गेलेले. खर्च लिहिला म्हणून त्या दरबारातले संगीत, नृत्य किंवा ग्रंथखरेदी अडली नाही.

आजच्या विद्यार्थ्याला तर अर्धा हिशेब आयता मिळतो. यूपीआयने दिलेला प्रत्येक रुपया बँकेच्या उताऱ्यात असतो. पण उताऱ्यात फक्त दुकानाचे नाव दिसते, कारण दिसत नाही. म्हणून रविवारी पंधरा मिनिटे बसून प्रत्येक नोंदीपुढे ‘गरज’, ‘हौस’ किंवा ‘मित्रांसाठी’ एवढेच लिहावे. महिन्याभरात गळती कुठे आहे ते कळते. बहुधा ती पुस्तकांत नसते. संध्याकाळच्या चहा-टिफिनमध्ये आणि घरपोच मागवलेल्या खाण्यात असते.

गैरसमज : फी, खोली आणि जेवण मांडले की अंदाजपत्रक झाले.

वस्तुस्थिती : महिना कोलमडतो तो वर्षातून दोन-चारदाच येणाऱ्या खर्चांनी. खोलीची अनामत, परीक्षा शुल्क, चष्मा, ताप आणि घरी जाण्याचे तिकीट. तमिळनाडूची मोठी सुट्टी जानेवारीत पोंगलला येते; आपल्याला गणपतीत घरी जायचे असते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. म्हणजे सप्टेंबरच्या प्रवासाचे पैसे जुलैतच लागतात. असे सगळे खर्च एकत्र करून बाराने भागावे आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळी ठेवावी.

गैरसमज : परराज्यातल्यांना इथल्या सवलती नाहीतच.

वस्तुस्थिती : काही नाहीत, काही आहेत. मुलींना दरमहा १,००० रुपये देणारी ‘पुदुमै पेण’ योजना तमिळनाडूत शालेय शिक्षण घेतलेल्यांसाठी आहे. महाराष्ट्रातून आलेल्या मुलीने तिच्या भरवशावर राहू नये. पण सरकारी साध्या शहर बसमधला २०२१पासूनचा महिलांचा मोफत प्रवास रहिवासाचा दाखला मागत नाही. अम्मा उणवगममध्येही कोणी ओळखपत्र विचारत नाही. एक रुपयाची इडली आणि पाच रुपयांचा सांबारभात हीच या उपाहारगृहांची ओळख आहे. महिनाअखेरीस तिथे जेवण्यात कमीपणा कसला?

गैरसमज : शैक्षणिक कर्जाचे व्याज नोकरी लागल्यावर सुरू होते.

वस्तुस्थिती : हप्ते नंतर सुरू होतात, व्याज मात्र सहसा पैसे उचलल्या दिवसापासून चढते. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख रुपये उचलले आणि व्याज १० टक्के सरळव्याजाने धरले. पहिल्या लाखावर चार वर्षांचे, दुसऱ्यावर तीन, असे करत पदवी हातात येईपर्यंत एक लाख रुपये व्याज साठते. पुढे एक वर्षाची सवड घेतली, तर आणखी ४० हजार. चार लाखांचे कर्ज फेडायला बसताना ५ लाख ४० हजार झालेले असते. शिकतानाच व्याज भरत राहिले, तर हा डोंगर उभाच राहत नाही. अशा वेळी काही बँका दरात थोडी सूटही देतात. कर्ज घेतानाच ते विचारून घ्यावे.

गैरसमज : क्रेडिट कार्डावर ‘किमान देय’ भरले की झाले.

वस्तुस्थिती : त्याने फक्त विलंबशुल्क टळते. उरलेल्या रकमेवर अनेक कार्डे महिन्याला तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज लावतात. ‘आता घ्या, नंतर द्या’वाल्या अॅपवरची थकबाकीही पतअहवालात नोंदली जाऊ शकते आणि पुढे नोकरीत लागल्यावर घरकर्ज मागताना समोर येते.

त्याहून घातक आमिष म्हणजे ‘तुझे खाते वापरू दे, कमिशन देतो’. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला, तर पोलीस खातेदाराच्याच दारात येतात. आणि पैसे *मिळवण्यासाठी* यूपीआय पिन कधीच लागत नाही; कोणी मागितला तर तो ठग समजावा. फसलात तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

गैरसमज : पैसे संपल्याचे घरी सांगणे म्हणजे नामुष्की.

वस्तुस्थिती : नामुष्की टाळायला घेतलेले अॅपवरचे कर्ज त्याहून महाग पडते. मागणे कसे करावे, याचा धडा सरफोजीराजांच्याच एका पत्रात आहे. रामेश्वरच्या वाटेवरची अन्नछत्रे आपल्याकडेच राहावीत, म्हणून १८०१मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला लिहिले. त्यात छत्रांची नुसती थोरवी नाही, तपशील आहे. तिथे वाटसरूंना अन्न मिळते, वेद शिकवणारे गुरू आणि पंतोजी असतात. अनाथ मुलांना दिवसातून तीनदा जेवण, चार दिवसांतून एकदा तेल, आजारपणात औषध आणि अंगावर कपडे मिळतात. पुढेही छत्रांचा कारभार राजघराण्याकडेच राहिला.

‘पैसे पाठवा’ एवढाच निरोप गेला की घरचे धास्तावतात. ‘परीक्षा शुल्क इतके, औषध इतके, हॉटेलात माझ्या चुकीने गेले इतके’ असे लिहून पाठवले, तर आईबाबा रागावतील, पण आकडा कळल्यामुळे मदतही नेमकी करतील. त्यासाठी आधी आकडे आपल्याला माहीत हवेत.