कुजणारी पिशवी

२०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. का बरे? मुलांनो, साधी पिशवी मातीत पुरली तरी वर्षानुवर्षे कुजत नाही. सूक्ष्म जंतू तिला खाऊ शकत नाहीत.

शास्त्रज्ञांनी जंतूंना पचेल असे प्लॅस्टिक बनवले. त्याचे नाव पीएलए. मक्याची किंवा उसाची साखर आंबवली की लॅक्टिक आम्ल मिळते. दह्याचा आंबटपणा याच आम्लामुळे असतो. या आम्लाचे असंख्य रेणू साखळीसारखे जोडले की पीएलए तयार होते. पुण्याजवळ जेजुरीला २०२४ मध्ये ते बनवून दाखवणारा छोटा कारखाना सुरू झाला.

पण नुसत्या पीएलएची पातळ पिशवी पापडासारखी तडकते! पीबीएटी नावाचे दुसरे कुजणारे प्लॅस्टिक मात्र रबरासारखे ताणले जाते. मग दोन्ही एकत्र का करू नयेत? ज्वारीच्या पिठात थोडे गव्हाचे पीठ घातले की भाकरी लाटताना तुटत नाही, तसेच हे. फरक एवढाच, की पिठे सहज मिसळतात. ही दोन प्लॅस्टिके वितळवली तरी तेल-पाण्यासारखी वेगळी राहू पाहतात. म्हणून दोघांचे हात धरून ठेवणारा तिसरा पदार्थ किंचित घालावा लागतो. खरी कसोटी इथेच आहे. पुढे या वितळलेल्या मिश्रणाची नळी हवेने फुग्यासारखी फुगवतात आणि पातळ फिल्म तयार होते.

अशी पिशवी लवकर कुजायला सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णतेचा खताचा ढीग लागतो. मुठा नदीत फेकली, तर तीही बराच काळ तशीच पडून राहील.